फॉर्मवर ‘कै.’ आधीच छापलेलं होतं

शाळेत एखाद्या पारितोषिकासाठी कायमची ठेव ठेवायची म्हणजे चेक द्यायचा, पावती घ्यायची, झालं, अशी आमची समजूत होती. १२ फेब्रुवारी २०२४ ला आम्ही दोघं त्यासाठी पहिल्यांदा शाळेत गेलो आणि पारितोषिक मनासारखं दिलं गेलं ते १७ जानेवारी २०२६ ला. मधल्या तेवीस महिन्यांत कुणी फसवलं नाही, मुद्दाम अडवलंही नाही. पण ‘हे काय लिहायचं, समजेलच त्यांना’ म्हणून आम्ही जे जे सोडून दिलं होतं, नेमकं तिथेच घोडं अडलं. आम्ही अजून हिंडते-फिरते आहोत म्हणून ते दुरुस्त तरी करता आलं. असं काही करायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हा सगळा हिशेब तारीखवार मांडतो.

रक्कम दीड लाख. शाळा तालुक्याच्या गावातली, अनुदानित, मराठी माध्यमाची. आमच्या आधी विचार होता की मृत्युपत्रातच दोन ओळी लिहून ठेवाव्यात. मग नोबेलसाहेबांची गोष्ट आठवली. २७ नोव्हेंबर १८९५ ला त्यांनी मृत्युपत्रावर सही केली, बक्षिसं कुणी द्यायची तेही लिहिलं, पण त्या संस्थांना विचारलंच नव्हतं. वर्ष उलटून काही दिवसांतच ते गेले, नातेवाइकांनी हरकती घेतल्या, संस्था बिचकल्या आणि पहिलं बक्षीस १९०१ च्या डिसेंबरात दिलं गेलं. तिथे तडीस नेणारी माणसं होती. आपल्या दीड लाखासाठी तालुक्याच्या गावात कोण पाच वर्षं खेटे घालणार?

फेब्रुवारी हा जायचा महिना नव्हे, हे पहिल्याच दिवशी कळलं. बारावीची परीक्षा तोंडावर, पाठोपाठ दहावीची, मुख्याध्यापक केंद्रसंचालक. त्यांनी चहा पाजला आणि ‘जूनमध्ये या’ म्हणाले. मात्र निघताना चालू पारितोषिकांच्या यादीची झेरॉक्स दिली, ती फार उपयोगी पडली. तुम्ही कुठल्याही संस्थेत जा, आधी ही यादी मागा.

यादीत त्रेचाळीस पारितोषिकं होती. त्यातली एकतीस ‘प्रथम क्रमांका’ला. रकमा ५१, १०१, १५१ रुपये, सर्वांत मोठी ५०१. म्हणजे दहावीत पहिली येणारी मुलगी स्टेजवर नऊ वेळा जाते, नऊ पाकिटं घेते आणि सगळी मिळून हजार रुपयेही भरत नाहीत. ज्या काळी ह्या ठेवी ठेवल्या गेल्या तेव्हा बँकेत दहा टक्के व्याज होतं आणि ५१ रुपयांना वजन होतं. पूर्ण व्याज दरवर्षी वाटून टाकल्यामुळे मुद्दल होतं तिथेच राहिलं, महागाई मात्र थांबली नाही. एक पारितोषिक ‘अकरावी मॅट्रिकला संस्कृतात सर्वाधिक गुण’ मिळवणाऱ्याला होतं. महाराष्ट्रात १९७५ पासून शालान्त परीक्षा दहावीला आली, त्यामुळे ते पाकीट तेव्हापासून कुणाला मिळालेलंच नाही. व्याज खात्यात साठतंय. दुसरं एक चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी. ती परीक्षा २०१७ मध्ये पाचवीवर गेली आणि तेही लटकलं. देणाऱ्याचा हेतू शंभर नंबरी, पण वर्गाचं आणि परीक्षेचं नाव दगडावरची रेघ असल्यासारखं लिहिलेलं. आता ते बदलायचं कुणी? देणारे हयात नाहीत, वारस पत्त्यावर नाहीत. रीतसर बदल करायचा तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे प्रकरण न्यायालयापर्यंत जाऊ शकतं. पन्नास रुपयांसाठी ते कोण करणार?

त्या यादीवरून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. गुणांवर बक्षीस द्यायचं नाही, ते भरपूर आहेत. आणि सगळं व्याज वाटायचं नाही.

१८ जूनला परत गेलो. शाळा सुरू होऊन दोन-तीन दिवसच झाले होते, वर्गांची गडबड होती पण ऑफिस निवांत. क्लार्कने ‘ठेव पारितोषिक अर्ज’ असा छापील फॉर्म पुढे केला. पहिली ओळ: ‘कै. ........ यांच्या स्मरणार्थ’. आम्ही म्हटलं, अहो, हे आमच्याच नावाने आहे आणि आम्ही समोर बसलोय. त्यांनी फॉर्म उलटसुलट पाहिला, ‘दुसरा फॉर्म नाही’ म्हणाले. मग पट्टी धरून ‘कै.’वर काट मारली, वर ‘श्री. व सौ.’ लिहिलं, ‘स्मरणार्थ’ खोडून ‘यांच्याकडून’ केलं आणि प्रत्येक खाडाखोडीपाशी आमच्या सह्या घेतल्या. पाच ओळींच्या फॉर्मवर अकरा सह्या झाल्या.

त्या पाच ओळींत नाव, रक्कम, इयत्ता, विषय आणि पत्ता एवढंच मावतं. जुन्या पारितोषिकांची जी गत झाली तिचं मूळ हा फॉर्मच आहे. फॉर्म भरा, पण त्याला वेगळं संकल्पपत्र (देणगीचा हेतू आणि अटी मांडणारं पत्र) जोडा आणि फॉर्मवर ‘सोबतचे संकल्पपत्र या अर्जाचा भाग समजावे’ असं लिहा. आवक रजिस्टरला दोन्हींची नोंद करून आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पुढे दोनदा ‘अर्ज सापडत नाही’ झालं तेव्हा त्या क्रमांकानेच काम केलं.

संकल्पपत्राकडे येण्याआधी पैसे कुणाच्या हातात जातात ते पाहू. शाळेला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व नसतं. चेक शाळेच्या नावाने काढायचा नसतो, शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या नोंदणीकृत नावाने काढायचा. बोलण्यातलं नाव आणि नोंदणीतलं नाव यांत ‘प्रसारक’ की ‘प्रसारण’ इतका फरक असला तरी चेक परत येतो. म्हणून संस्थेच्या कार्यालयातून चार कागदांच्या प्रती मागून घेतल्या: नोंदणी प्रमाणपत्र, ८०जी चा (देणगीदाराला करवजावट मिळण्याच्या मान्यतेचा) आदेश, गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल आणि धर्मादाय कार्यालयातला अनुसूची एकचा (संस्थेच्या नोंदीचा) उतारा. मागायला संकोच वाटतो, पण यात वावगं काही नाही. ८०जी ची मान्यता पाच-पाच वर्षांची असते, तिची मुदत आदेशावर पाहा. अनुसूचीच्या उताऱ्यात आजच्या अध्यक्ष-सचिवांची नावं चढलेली आहेत का, ते पाहा. आपल्याकडे कित्येक संस्थांत निवडणूक होते, नवी नावं चढवण्यासाठी बदल अर्ज दाखल होतो आणि तो वर्षानुवर्षं पडून राहतो. त्यात दोन गट असले तर आज ज्यांनी ठरावावर सही केली त्यांचा अधिकार उद्या नाकारला जाऊ शकतो. आमच्या संस्थेत एक बदल अर्ज प्रलंबित होता, पण त्यावर हरकत नव्हती. हरकत असती तर आम्ही थांबलो असतो.

पुढचं सगळं बैठकींच्या तारखांवर. ६ जुलैला शाळा समितीने शिफारस केली. २७ जुलैची कार्यकारी मंडळाची बैठक गणपूर्तीअभावी तहकूब. २४ ऑगस्टला ठराव झाला, पण ठरावाची प्रत मिळते ती इतिवृत्त लिहून त्यावर सह्या झाल्यावर. मध्ये गणपती. प्रत हातात पडली १९ सप्टेंबरला. अर्जापासून ठरावाची प्रत मिळेपर्यंत तीन महिने लागले. बरं झालं, तेवढ्या वेळात संकल्पपत्राचा मसुदा चार वेळा फाडून लिहिता आला.

मसुदा सीएंना आणि एका निवृत्त मुख्याध्यापिकेला दाखवला. सीएंनी बाराशे रुपये घेतले. बाईंनी काहीच घेतलं नाही, पण लाल पेनाने पान रंगवून परत दिलं. आमच्या मसुद्यात ‘होतकरू व गरजू विद्यार्थी’ असं होतं. बाईंनी समासात लिहिलं, ‘कोण ठरवणार? कशावरून?’ हा प्रश्न प्रत्येक वाक्याला विचारायचा. तीस वर्षांनी शाळेत आलेला, आपल्याला कधी न पाहिलेला क्लार्क हा कागद वाचून काम करू शकेल का, एवढीच परीक्षा. शेवटी जे ठरलं त्यातला कामाचा भाग असा:

‘सदर रक्कम रु. १,५०,०००/- ही संस्थेच्या कायम निधीत (कॉर्पस) जमा करण्यासाठी दिली असून मुद्दल कोणत्याही कारणास्तव खर्च करू नये. रक्कम शेड्यूल्ड बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावी. दरवर्षी मिळणाऱ्या व्याजापैकी सत्तर टक्के रक्कम पारितोषिकासाठी वापरावी व तीस टक्के मुद्दलात मिळवावी. एखाद्या वर्षी पात्र विद्यार्थी नसल्यास त्या वर्षीचे संपूर्ण व्याज मुद्दलात मिळवावे. इयत्तांची रचना किंवा परीक्षापद्धती बदलल्यास शाळा समितीने हेतूशी सर्वांत जवळचा पर्याय ठराव करून निवडावा; त्यासाठी देणगीदार किंवा त्यांच्या वारसांच्या संमतीची गरज नाही. शाळा बंद झाल्यास अथवा विलीन झाल्यास निधी संस्थेच्या त्याच तालुक्यातील अन्य शाळेकडे वर्ग करावा.’

वारसांची संमती नको, हे वाक्य घालताना घरात थोडी कुरबुर झाली. पण यादीतली सगळी लटकलेली पारितोषिकं वारस न सापडल्यामुळेच लटकली होती. ‘कायम निधी’ हे शब्द मात्र लेखी हवेतच. ते नसतील तर आयकराच्या हिशेबात ती साधी देणगी धरली जाते आणि त्याच वर्षी वीजबिलात जाऊ शकते. स्टॅम्पपेपर कुणी मागितला नाही. दोन्ही बाजूंच्या सह्यांचं पत्र आणि त्याचा उल्लेख असलेला ठराव पुरला.

सत्तर-तीसचं गणित सोपं आहे. सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज १०,५००. त्यातले ७,३५० पारितोषिकाला आणि ३,१५० मुद्दलात. दर असाच राहिला तर दहा वर्षांनी मुद्दल सुमारे १ लाख ८४ हजार ६०० होतं आणि पारितोषिक नऊ हजारांच्या घरात जातं. दर तसाच राहणार नाही, हे आम्ही ठेव ठेवली त्याच्या पुढच्या वर्षीच दिसलं. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वापाचवर आणला, ठेवींचे दर मागोमाग उतरले. सहा टक्के धरले तर व्याज ९,००० आणि पारितोषिक ६,३००. म्हणून पत्रात रुपयांचा आकडा लिहू नका, हिस्सा लिहा.

२३ सप्टेंबरला चेक घेऊन गेलो. क्लार्क म्हणाले, ‘पितृपक्ष चालू आहे, नवरात्रात द्या की.’ फॉर्मवर आधी कै. आणि आता महिना पितरांचा, योग बरा जुळून आला होता. चेक दिलाच.

इथे आमच्याकडून चूक झाली. चेकसोबत पत्र दिलं नाही. त्यामुळे दोन घोटाळे झाले. पावती आली ती ‘इमारत निधी’ सदराखाली, कारण त्या महिन्यात सगळ्या पावत्या त्याच सदरात फाडल्या जात होत्या. आणि पैसे संस्थेच्या बचत खात्यात पडून राहिले. ठेव झाली २१ ऑक्टोबरला, दसरा उलटल्यावर. चार आठवड्यांचं व्याज गेलं ते फार नाही, पण मोठी रक्कम असेल तर जाणवेल. चेकला टाचून एक चार ओळींचं पत्र द्या: चेक क्रमांक, ठराव क्रमांक, ‘कायम निधी’ हे सदर, आणि सात दिवसांत ठेव करून पावतीची प्रत देण्याची विनंती. पावती चुकली तर लगेच बदलून घ्या. संस्था ३१ मेपर्यंत आयकर खात्याला १०बीडी हे विवरण भरते, त्यात प्रत्येक देणगीचा प्रकार सांगावा लागतो आणि त्यावरूनच आपल्याला १०बीई हे प्रमाणपत्र मिळतं. आमची जुनी पावती रद्द होऊन नवी मिळायला १४ नोव्हेंबर उजाडला. १०बीई मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात मेलवर आलं.

करसवलतीबद्दल गैरसमज फार आहेत. दीड लाख दिले म्हणजे पाऊण लाखाची वजावट, असं आम्हालाही वाटलं होतं. तसं नाही. आधी आपल्या समायोजित ढोबळ (इतर वजावटी जाता उरणाऱ्या) उत्पन्नाच्या दहा टक्के एवढी मर्यादा लागते आणि मग त्या रकमेच्या निम्मी वजावट मिळते. उत्पन्न सात लाख असेल तर मर्यादा सत्तर हजार आणि वजावट पस्तीस हजार. दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही. आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर हे सगळं विसरा, तिथे ८०जी नाहीच. सवलतीचा पुरा फायदा हवा असेल तर अर्धी रक्कम मार्चमध्ये आणि अर्धी एप्रिलमध्ये द्यावी, दोन आर्थिक वर्षांच्या दोन मर्यादा मिळतात. ठराव मात्र एकूण रकमेचा एकच घ्या. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा त्यानंतर देणाऱ्यांनी आपल्या सीएला विचारून घ्यावं.

धाकट्या भावाला त्यात पन्नास हजार घालायचे होते. तो अमेरिकेचा नागरिक आहे. नुसता अनिवासी भारतीय असता, भारतीय पासपोर्टवर, तर अडचण नव्हती. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे परकीय देणगी ठरतात, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी आणि पैसे रुपयांत दिले तरी. त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते. आमच्या संस्थेकडे नव्हती. विषय तिथेच संपला. नोंदणी नसताना ‘तू मला पाठव, मी माझ्या नावाने देतो’ हा मार्ग कुणी सुचवला तर त्या वाटेला जाऊ नका.

ठेव कशी ठेवायची हेही सांगावं लागतं. बँका सहसा विचारतात, व्याज मुदतीअंती की दर तिमाहीला? मुदतीअंती घेतलं तर दरवर्षी पारितोषिकाला हातात काही येत नाही. तिमाही व्याज खात्यात जमा होणारी ठेव घ्या, मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरणाची सूचना ठेवपावतीवर छापून घ्या. ती सूचना नसेल आणि कुणाच्या लक्षात नसेल तर मुदत उलटल्यानंतर बचत खात्याचा किंवा ठेवीचा, दोहोंपैकी कमी असलेला दर लागतो. दहा वर्षं तशीच पडली तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. मिळते परत, पण अर्ज करावा लागतो आणि अर्ज करायला कुणाला तरी आठवण असावी लागते. पतसंस्थेत एखादा टक्का जास्त मिळेल, पण तिथल्या ठेवींना ठेव विमा नाही. बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत असतो, आणि ठेवीदार म्हणजे संपूर्ण संस्था, आपली एक ठेव नव्हे.

आता मूळ गोष्ट, पारितोषिक कशाला. आम्ही लिहिलं होतं: ‘इयत्ता नववीच्या विद्यार्थ्याने केलेली आपल्या परिसराची सर्वोत्तम नोंदवही.’ दहावीचं दडपण सुरू व्हायच्या आधीचं वर्ष म्हणून नववी. पहिलं वर्ष ठेवीला व्याज जमायच्या आतच येणार होतं, म्हणून त्या वर्षाचे साडेसात हजार साध्या देणगीच्या पावतीवर वेगळे दिले. हे करायला विसरू नका, नाहीतर पहिली दीड वर्षं नुसतीच जातात.

१८ जानेवारी २०२५ च्या वितरणासाठी चार वह्या आल्या. तीन वह्यांत तालुक्याचं क्षेत्रफळ, हवामान आणि प्रेक्षणीय स्थळं यांचे तेच ते परिच्छेद, इंटरनेटवरून जसेच्या तसे. मुखपृष्ठाला टिकल्या, लेस आणि थर्माकोलचा किल्ला. किल्ला वडिलांनी केल्याचं उघड दिसत होतं. परीक्षक शिक्षकांनी नीटनेटकेपणाला गुण दिले, किल्ला पहिला आला. त्यांची चूक नव्हती. ‘सर्वोत्तम’ म्हणजे काय, हे आम्ही कुठे लिहिलं होतं? शिवाय बक्षिसाचा चेक मुलाच्या नावाने काढला आणि त्याचं शिष्यवृत्तीचं खातं दोन वर्षं व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेलं. केवायसी करून खातं चालू व्हायला पाच आठवडे गेले. चेकची मुदत तीन महिन्यांची, म्हणून ती सांभाळली गेली. आता शाळा नोव्हेंबरातच खातं चालू आहे का ते पाहून घेते.

मार्च २०२५ मध्ये आम्ही शाळा समितीकडे पुरवणी पत्र दिलं, समितीने ते एप्रिलच्या बैठकीत मान्य केलं. ठेवीला हात न लागता फक्त निकषाचं परिशिष्ट बदललं म्हणून कार्यकारी मंडळापर्यंत जावं लागलं नाही. निकष मुख्य पत्रात न घालता परिशिष्टात घालायची ही सूचना बाईंचीच होती. नवा निकष: वही साधी, दोनशे पानी, शाळेने द्यायची (वहीचे पैसे व्याजाच्या सत्तर टक्क्यांतून). जून ते नोव्हेंबर, तारीख घालून निदान चोवीस नोंदी. त्यातली एक तरी गोष्ट मुलाने स्वतः पुन्हा पुन्हा मोजलेली असावी. एक तरी नोंद वयस्कर माणसाशी बोलून केलेली असावी, त्यांचं नाव आणि वय लिहून. सजावटीला गुण नाहीत. आणि पहिल्या पाच वह्यांच्या मुलांशी दहा-दहा मिनिटं तोंडी बोलायचं. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. ज्याने स्वतः मोजलंय त्याला विचारलं की तो थांबत नाही.

१७ जानेवारी २०२६ च्या वितरणासाठी सतरा वह्या आल्या. निवडली गेलेली वही मी घरी आणून दोन दिवस वाचली. मुलीच्या मळ्यातल्या विहिरीची नोंद आहे. काथ्याच्या दोरीला हातभर अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि दर रविवारी दोरी सोडून कितव्या गाठीला पाणी लागतं ते लिहिलं. जूनच्या दुसऱ्या रविवारी ‘एकोणीस’. जुलैच्या शेवटी ‘अकरा’. ऑगस्टमध्ये एकदा ‘चार’, आणि पुढे कंसात ‘आजीने दोरी ओढून पाहिली, बरोबर आहे म्हणाली’. एका पानावर दोरी ओली होऊन लांबल्याचं लक्षात आल्याची नोंद आहे: कोरडी दोरी आणि भिजलेली दोरी भिंतीवर खिळ्याला टांगून पट्टीने मोजल्या आणि आधीच्या सहा आठवड्यांचे आकडे लाल पेनाने दुरुस्त केले. अक्षर गिचमिड आहे. मुखपृष्ठावर चहाचा डाग.

पैशांचा एक शेवटचा गुंता याच वेळी निघाला. ऑक्टोबर २०२५ पर्यंत चार तिमाहींचं व्याज १०,५०० झालं होतं, पण खात्यात आले ९,४५०. आमची एकट्याची ठेव लहान, पण त्या बँकेत संस्थेच्या सगळ्या ठेवींचं व्याज एकत्र धरलं जातं आणि ते मर्यादेपलीकडे जात असल्याने दहा टक्के टीडीएस कापला गेला. अकाउंटंटने सत्तर टक्के ९,४५० वर काढून ६,६१५ रुपये मंजूर केले. कापलेला कर विवरण भरल्यावर संस्थेला परत मिळतो, पण तो जनरल खात्यात येतो आणि आपल्या निधीकडे वळवायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. दोन फेऱ्या मारल्यावर त्यांनी ७,३५० मान्य केले. परिशिष्टात आता ‘व्याज म्हणजे करकपातीपूर्वीचे व्याज’ अशी एक ओळ वाढली आहे. तुम्ही ती पहिल्यापासून घाला.

नाव रंगवायच्या फलकाबद्दल विचारणा झाली होती. पेंटरने अकराशे सांगितले. त्यापेक्षा तेवढ्या पैशांत मागच्या वह्या ठेवायला ग्रंथालयात काचेचा कप्पा दुरुस्त करून घेतला. कप्प्याला कुलूप आहे, किल्ली ग्रंथपालांकडे.

मृत्युपत्रातही आता वेगळी ओळ आहे, पण नवं काही न मागणारी: आणखी एक लाख याच निधीत, संस्थेचं नोंदणीकृत नाव, नोंदणी क्रमांक आणि ठराव क्रमांक यांसह. दोन साक्षीदार, दोघेही आमच्यापेक्षा तरुण आणि दोघांनाही काही मिळणार नाही असे, यांनी आम्हाला सही करताना पाहून स्वतः सह्या केल्या. संकल्पपत्र, परिशिष्ट, ठराव, ठेवपावतीची प्रत आणि १०बीई असा संच तीन ठिकाणी आहे: शाळेच्या ऑफिसात, संस्थेच्या कार्यालयात आणि आमच्या कपाटात. शाळेतल्या संचावर क्लार्कने स्वतःहून एक पिवळी चिठ्ठी डकवली आहे. ‘ठेव मुदत २१/४/२०२७. आधी पंधरा दिवस बँकेत विचारणे.’ ते त्या जूनमध्ये निवृत्त होणार आहेत. एप्रिलमध्ये असतील.